ग्रंथदाह आणि प्राध्यापकाचे नाटक

धारवाडात विद्वानांची वाण कधी नव्हती, आणि विद्वानांविषयी सहज मते देणाऱ्यांची तर मुळीच नव्हती. अशा मतांपैकी दोन मते गेल्या काही वर्षांत आमच्या कानी इतक्या वेळा पडली आहेत, की त्यांचा समाचार घेतल्यावाचून आता राहवत नाही. पहिले मत असे : विद्यापीठात हयात घालविलेल्या पंडिताने उत्तरायुष्यात नाटक किंवा कादंबरी लिहिली, तर तो त्याचा विरंगुळा समजावा, शिलालेख आणि ताडपत्रे वाचून डोळे शिणले, म्हणून माणूस घटकाभर कल्पनेच्या अंगणात येऊन बसला, याहून अधिक अर्थ त्यात शोधू नये. दुसरे मत याहून सभ्य आहे, म्हणून अधिक घातक आहे. ते तरुण संशोधकांना वडीलकीच्या नात्याने सांगितले जाते : 'बाबा रे, इतिहास लिहू नकोस, कादंबरी लिही. म्हणजे कोणी दारात येणार नाही, आणि ग्रंथालयाच्या काचाही शाबूत राहतील.'

ही दोन्ही मते एकाच अज्ञानाची अपत्ये आहेत, आणि ती धारवाडात बोलली जावीत याची आम्हाला शरम वाटते. आमचे म्हणणे असे, की ग्रंथ जाळले जातात तेव्हा पुरावा जळतो, घडलेली गोष्ट जळत नाही. आणि पुरावा जळाल्यामुळे संशोधकाला जेथे मुकाट्याने थांबावे लागते, तेथून पुढे पाऊल टाकण्याचा अधिकार, किंबहुना ते कर्तव्य, त्याने आयुष्यभर पाळलेल्या संयमानेच त्याच्या पदरात टाकलेले असते. याला विरंगुळा म्हणणे हे अज्ञान, आणि याला निवाऱ्याची जागा समजणे हेही अज्ञानच.

डॉ. मल्लेशप्पा मडिवाळप्पा कलबुर्गी हे नाव आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. कर्नाटक विद्यापीठात कन्नडचे अध्यापन, पुढे हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे कुलगुरुपद, शिलालेख व हस्तलिखिते यांच्या आधारे लिहिलेल्या शोधनिबंधांचे 'मार्ग' या नावाचे खंड, त्यांतील चौथ्या खंडास २००६ साली मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार, शरणांच्या वचनांची पंधरा खंडांची समग्र आवृत्ती, हा सारा व्याप पाहिला म्हणजे या गृहस्थांना विरंगुळ्यास सवड तरी कधी मिळाली असेल, असाच प्रश्न पडतो. अखेरच्या काळात विजापूरच्या आदिलशाहीतील फारसी, अरबी आणि दख्खनी वाङ्मय कन्नडात आणविण्याच्या कामात ते गुंतले होते. अशा माणसाने, संशोधक म्हणून नाव झाल्यानंतर, 'केट्टित्तु कल्याण' हे नाटक लिहिले.

नाटकाच्या नावातील क्रियापद मराठीत आणणे सोपे नाही. दूध नासते, माणूस बिघडतो, नांदते गाव लयाला जाते. या तिन्हींना कन्नडात ते एक क्रियापद पुरते. कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. बाराव्या शतकात तेथे बिज्जळाच्या राज्यात बसवण्णांच्या भोवती शरण जमले. त्यांत चांभार होते, नावाडी होते, दोर वळणारे होते, स्त्रिया होत्या. आणि ही सारी माणसे राजसभेतील पंडितांची भाषा बाजूला सारून आपल्या रोजच्या बोलीत वचने रचीत होती. पुढे, परंपरा सांगते त्याप्रमाणे, ब्राह्मणाची कन्या आणि चांभाराचा पुत्र यांच्या विवाहावरून वणवा पेटला, दोघांच्याही पित्यांना देहदंड झाला, ११६७-६८ च्या सुमारास बिज्जळाचा खून झाला आणि शरणांची पांगापांग झाली. राजाचे सैन्य पाठीवर घेऊन वचनांच्या ताडपत्रांचे भारे वाहत एक तांडा चन्नबसवण्णांबरोबर नैर्ऋत्येकडे निघाला. मलप्रभेच्या काठी, कित्तूरच्या परिसरातील कादरवळ्ळीला लढाई झाली. त्यातून वाचलेले आजच्या जोयडा तालुक्यातील रानात, उळवीस, पोहोचले. तेथून पलीकडच्या खेड्यांत आजही कोंकणी बोलली जाते, हे आमच्या कोंकणी वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आता यातले संशोधकाच्या हाती काय आहे? आज आपण वाचतो ती वचने पंधराव्या शतकात व त्यानंतर झालेल्या संकलनांतून आलेली आहेत. मधली अडीच-तीनशे वर्षे जवळजवळ कोरी आहेत. किती भारे होते, कोणते वाटेत टाकले, कोणते जाळले गेले, कोणत्या स्त्रीची वचने तिच्या नावासकट नाहीशी झाली, याचा पुरावा नाही. आणि नसण्याचे कारण हेच, की तो नष्ट करण्यात आला. धारवाडातच जन्मलेल्या फकीरप्पा हळकट्टी यांनी वकिली करता करता गावोगाव हिंडून पोथ्या जमविल्या, घर विकून छापखाना घातला आणि १९२३ साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले, म्हणून निदान उरलेले तरी आपल्याला मिळाले. हळकट्टींच्या मागून आलेल्या पिढीत कलबुर्गींनी त्या उरलेल्याचा शब्द न् शब्द तपासला. ज्याने जे उरले ते सगळे तपासले आहे, त्यालाच काय गेले याचा आकार कळतो. इतरांस फक्त हळहळ वाटते. अशा माणसाने शोधनिबंधात लिहावे तर काय लिहावे? 'येथे आधार उपलब्ध नाही.' तेवढेच, आणि तेच प्रामाणिकपणाचे. पण हे वाक्य आयुष्यात शंभरदा लिहिल्यावर त्या मौनाचा फायदा कोणाला होतो, हा प्रश्न त्याला छळू लागला तर नवल नाही. आधार नष्ट करणाऱ्याला नेमके हेच वाक्य हवे असते. नाटककाराला मात्र आधार नसतानाही ती रात्र रंगमंचावर उभी करता येते, आणि हे नाटक आहे असे पाटीवर लिहून ती उभी केली, तर त्यात कोणाची फसवणूक नाही.

याच कलबुर्गींना १९८९ साली 'मार्ग'च्या पहिल्या खंडातील लेखांवरून धर्मपीठापुढे जाऊन आपली विधाने मागे घ्यावी लागली होती. कुटुंबीयांच्या जीवासाठी आपण ते केले, परंतु त्या दिवशी आपली बौद्धिक आत्महत्या घडली, असे ते पुढे सांगत. आणि ३० ऑगस्ट २०१५ रोजी सकाळी, वयाच्या ७६व्या वर्षी, येथेच धारवाडात, राहत्या घरी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या वसाहतीत ते घर आहे तिचे नाव कल्याणनगर. हा योगायोग कोणा नाटककाराने लिहिला असता, तर तो आम्ही ओढूनताणून आणलेला म्हणून खोडला असता.

गोमंतकातील वाचकांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात देवळे पाडली, त्याबरोबर देशी भाषांतील ग्रंथांचीही होळी केली, हे कोणा चिडलेल्या गोमंतकीयाचे विधान नव्हे. १८५८ साली कोंकणी भाषेवरील आपल्या ऐतिहासिक निबंधात कुन्य रिव्हार यांनी तो दोष आपल्याच पूर्वजांना स्पष्टपणे दिला आहे. आणि हे गृहस्थ गोव्याच्या सरकारचे चिटणीस होण्यापूर्वी पोर्तुगालात एव्होराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते. ग्रंथ जळणे म्हणजे काय, हे ग्रंथपालाला सांगावे लागत नाही. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली कृष्णचरित्र मराठीत रचले. ते आज आपल्याला ठाऊक आहे, कारण जाळणाऱ्यांपैकीच काहींनी देशी भाषा शिकण्याच्या निमित्ताने रामायण-महाभारताच्या कोंकणी कथा आणि मराठी काव्ये रोमन लिपीत उतरवून घेतली, आणि ती बाडे पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात पडून राहिली. पुढे मारियानो सालदान्य आणि प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांकडे लक्ष वेधले. बरे, जाळणाऱ्यांना स्वतःचे तरी राखता आले का? फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तीन आवृत्त्या निघाल्या; त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली तर देशी भाषाच बंद पाडण्याचा हुकूम निघाला. कृष्णदास शामा नशीबवान म्हणायचा. त्याच्या शेजारच्या गावात कोणी कवी होता की नाही, आणि असल्यास तो कोंकणीत लिहीत होता की मराठीत, यावर आपण दोन्ही पक्ष गेली शंभर वर्षे भांडत आलो. ज्या कागदांवरून निकाल लागला असता ते दोघांचेही जळले आहेत, ही गोष्ट भांडताना कोणाच्या ध्यानात राहत नाही.

येथे एक आक्षेप आम्हाला ऐकू येतो आणि तो आम्ही हलका लेखत नाही. आक्षेपक म्हणतील : पुराव्याच्या जागी कल्पना बसवू लागलात, तर मग इतिहासाचे उरले काय? आमच्या मराठीत ऐतिहासिक कादंबरीने इतिहासाची जागा बळकावली नाही काय? बळकावली. कादंबरीतला संवाद महाराजांच्याच तोंडचा समजून सभांतून फेकणारे वक्ते आम्ही पाहिले आहेत, आणि कधीकाळी टाळ्याही वाजविल्या आहेत. परंतु ही बळकावणी ज्यांनी केली, त्यांतील कितीजणांनी आधी तीस वर्षे दफ्तरे चाळली होती? पुरावा कोठे संपतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याची कल्पना धोक्याची. ज्याने ती सीमा पावलापावलाने मोजली आहे, त्याची नव्हे. इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी साठी ओलांडल्यावर, १९६७ साली, 'युगान्त' हे पुस्तक दिले. लालित्य त्यांच्या हाती आधीपासून होते हे खरे. पण 'युगान्त'मधली द्रौपदी आणि गांधारी ज्या जमिनीवर उभ्या आहेत, ती जमीन पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आहे. सुखठणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्षिप्त श्लोक बाजूला काढून ठेवले, म्हणून इरावतीबाईंना मोकळेपणाने कल्पना करता आली.

आणि त्याच भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी शेदीडशे माणसांचा जमाव चालून गेला. कपाटे उलथली, पोथ्यांची रुमाले फेकली, तसबिरी फोडल्या. निमित्त काय, तर जेम्स लेन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने शिवाजीमहाराजांवरील आपल्या पुस्तकात एक अनुचित दंतकथा नोंदविली होती, आणि प्रस्तावनेत या संस्थेचे व काही पुणेकर विद्वानांचे आभार मानले होते. पुण्यातील इतिहासकारांनीच त्या पुस्तकाला विरोध केला होता आणि प्रकाशकाने ते नोव्हेंबर २००३ मध्येच मागे घेतले होते. तरीही डिसेंबरात संस्कृतचे एक अभ्यासक, डॉ. श्रीकांत बहुलकर, यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले, आणि जानेवारीत पोथ्यांवर हात पडला. पुस्तकावरची बंदी उठविणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कायम केला. तोवर आभार मानले जाण्याचीच धास्ती विद्वानांच्या मनात घर करून बसली होती. त्या दिवसांत आम्ही काय केले? खोटे कशाला बोलावे; आम्हीही इतर चार सुशिक्षितांप्रमाणे 'झाले ते वाईटच, पण त्याने तसे लिहायला नको होते' असेच म्हणालो. त्या 'पण'नंतरचे वाक्य जमावाने आमच्याकडून उसने घेतले होते, हे उमगायला आम्हाला कलबुर्गींचा खून व्हावा लागला.

'कादंबरी लिही म्हणजे सुखरूप राहशील' हा उपदेश या पार्श्वभूमीवर तपासून पाहावा. तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली रंगमंचावर आले, तेव्हा ते इतिहास नव्हते, नाटक होते; म्हणून ते सुखाने चालू दिले गेले काय? तमिळचे प्राध्यापक पेरुमाळ मुरुगन यांनी कादंबरीच लिहिली होती. तरी जानेवारी २०१५ मध्ये आपल्यातला लेखक मेला असे त्यांना जाहीर करावे लागले, आणि २०१६ साली मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा कोठे त्यांची लेखणी पुन्हा उचलली गेली. ज्यांना जाळावयाचे असते ते पुस्तकाचा वाङ्मयप्रकार पाहत नाहीत. उपदेश करणाऱ्यांना हे ठाऊक नसते असेही नाही. त्यांना केवळ आपल्या संस्थेच्या काचा वाचवावयाच्या असतात, आणि संशोधकाने आपला धोका घरी न्यावा अशी त्यांची इच्छा असते.

यावर कोणी उलट टोकाला जाऊन साहित्याचीच आरती ओवाळू लागेल, तर त्यालाही आम्ही अडवू. साहित्याने माणूस निवळतो, ग्रंथावर प्रेम करणारा ग्रंथ जाळणार नाही, अशी एक गोड समजूत आमच्या संमेलनांतून फार आहे. २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री साराजेव्हो शहरातील राष्ट्रीय ग्रंथालयावर भोवतालच्या टेकड्यांवरून तोफा डागल्या गेल्या. सुमारे १५ लाख ग्रंथांपैकी बहुतेक जळाले. जळक्या पानांचे काळे तुकडे शहरावर पडत राहिले. टेकड्यांवरील त्या सैन्याचा राजकीय नेता राडोव्हान कराजिच हा कवी होता. त्याचा उजवा हात निकोला कोल्येविच हा त्याच शहराच्या विद्यापीठात शेक्सपिअर शिकविणारा प्राध्यापक होता. म्हणजे ज्या वाचनालयात तो कधीकाळी बसला असेल, ते जळताना त्याच्या पक्षाची माणसे वरून पाहत होती. प्राध्यापक साहित्याकडे वळला एवढ्याने आमचे समाधान होत नाही. तो कोणत्या बाजूने उभा राहून लिहितो, जळणाऱ्या घराच्या आतून की टेकडीवरून, हे आम्ही विचारणार.

जाफन्याच्या ग्रंथालयाची कथा येथे विस्ताराने सांगत नाही. १९८१ साली त्यातील सुमारे ९७,००० ग्रंथ आणि ताडपत्रे भस्मसात झाली, तीही भाषेच्याच भांडणात. एवढे सीमाभागातील आम्हा लोकांना पुरेसे आहे. बेंद्र्यांच्या गावात राहून, ज्यांच्या घरात मराठी बोलली जाई आणि ज्यांची कविता कन्नडात फुलली, त्यांच्या गावात राहून, आम्ही फलकांना डांबर फासण्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. कधी कन्नड फलक, कधी मराठी. डांबराचा डबा हाती घेतलेल्या तरुणाला दुकानाचा फलक आणि ग्रंथालयाचा फलक यांत फरक करावयास कोणी शिकविलेले नसते. आम्हा दोन भाषांच्या लोकांकडून तो फरक शिकविला जावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. त्यासाठी आधी आपल्या कपाटांत काय आहे याची यादी हवी. या जुळ्या शहरांतील मराठी घरांत मोडी कागदांच्या पेट्या, जुन्या नाटक मंडळ्यांच्या हस्तलिखित नकला, कोंकणी ओव्यांच्या वह्या अजून आहेत. आमच्याच एका नातलगांच्या माळ्यावरची पेटी आम्ही पोहोचण्यापूर्वी आठ दिवस रद्दीवाल्याकडे गेली. त्या पेटीत काय होते ते आता कधीही कळणार नाही. ती कोणी द्वेषाने जाळली नाही, ही काही सांत्वनाची गोष्ट नव्हे.

पहिल्या मताच्या मंडळींकडे पुन्हा वळतो. कलबुर्गींचे नाटक नाटक म्हणून उणे असेल, तर ते उणे आहे असे अवश्य लिहावे. प्रवेश लांबले असतील, पात्रे शिलालेखासारखी बोलत असतील, तर ते दाखवून द्यावे. तो टीकाकाराचा अधिकार आहे आणि लेखकाच्या मृत्यूमुळे तो रद्द होत नाही. पण 'विरंगुळा' हा शब्द त्यांनी मागे घ्यावा. आणि घ्यावयाचा नसेल, तर माघ पौर्णिमेच्या सुमारास एकदा धारवाडच्या रस्त्यावर उभे राहावे. उळवीच्या जत्रेला निघालेल्या सजविलेल्या बैलगाड्या तेव्हा आजूबाजूच्या गावांतून याच वाटेने जातात. त्यांतील एखाद्या गाडीवानाला विचारावे, की बाबा, ही वाट कोणती? चन्नबसवण्णा पोथ्या घेऊन याच वाटेने गेले, असे तो सांगेल. आधार विचारला तर हसेल, आणि बैलांना हाक देऊन पुढे निघेल. कलबुर्गींना त्याचे म्हणणे माहीत होते आणि आधार नाही हेही माहीत होते.